'रक्तातच आहे' : हृदयविकार, वंश आणि खानदेश

जळगाव-धुळ्याकडे पंचेचाळिशीतल्या माणसाला अटॅक येऊन तो गेला, की दारावर आलेली मंडळी हमखास दोन गोष्टी बोलतात. एक, "ॲसिडिटी समजून सोडा प्यायला, तिथंच वेळ गेला." दुसरी, "त्यांच्या रक्तातच आहे." पहिली बऱ्याचदा खरी निघते. दुसरी अर्धीच खरी, आणि त्या अर्ध्या सत्याचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे.

शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी दोन वर्षांच्या अंतरानं दोन निबंध लिहिले. 1910 चा विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींवर, 1912 चा हृदयाच्या धमनीत गुठळी अडकून येणाऱ्या झटक्यावर. सिकलसेल म्हणतात त्या वारशानं येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा त्यांचा रुग्ण ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेला कृष्णवर्णीय तरुण होता. पुढचे रुग्णही बहुतेक तसेच सापडत गेले, आणि अमेरिकेत हा 'काळ्यांचा रोग' ठरून गेला. 1952 मध्ये तो निलगिरीतल्या आदिवासींमध्ये सापडला, पुढं आपल्या सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्त्यांमध्येही. 1954 मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवून दिलं, की या जनुकाची एकच प्रत असलेल्या मुलांचं मलेरियापासून बरंच रक्षण होतं. रोगाचा नकाशा डासांनी आखला होता. कातडीचा रंग त्यात योगायोगानं आला.

हृदयविकाराबाबत हाच घोळ जास्त काळ चालला. 1948 मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात 5,209 माणसांची वर्षानुवर्षं तपासणी सुरू झाली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा हृदयाशी असलेला संबंध आज शाळकरी पोरही सांगतं, तो मुख्यतः या गावाच्या जोरावर पक्का झाला. पण ती माणसं जवळजवळ सगळी गोरी. त्यांच्यावर बेतलेली गणितं जगभर वापरली गेली. कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये उच्च रक्तदाब जास्त आणि लवकर दिसतो, त्याचं खापर मात्र त्यांच्या रक्तावर फुटत राहिलं. 1997 मध्ये रिचर्ड कूपर आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकी वंशाच्या लोकांचा रक्तदाब वेगवेगळ्या देशांत मोजला. उच्च रक्तदाबाचं प्रमाण पश्चिम आफ्रिकेत 16 टक्के, कॅरिबियन बेटांवर 26 आणि शिकागोजवळ 33 टक्के निघालं. पूर्वज तेच, मुलूख बदलला. वजन आणि मीठ यांतच फरकाचा बराच भाग सापडला.

भारतीयांची गोष्ट याच सुमारास उलगडत होती. सिंगापूरमधल्या शवविच्छेदनांच्या नोंदींवरून 1959 मध्येच दिसलं होतं, की एकाच शहरात राहूनही तिथल्या चिन्यांपेक्षा भारतीयांमध्ये हृदयाच्या धमन्यांचा आजार कितीतरी जास्त आहे. लंडनमध्येही पुढं तेच आढळलं. 2004 मध्ये 52 देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासाचे निष्कर्ष आले. पहिला झटका दक्षिण आशियात साधारण 53 व्या वर्षी, इतरत्र 59 च्या आसपास. कारणांची यादी मात्र सगळीकडे तीच: तंबाखू, रक्तातली चरबी, रक्तदाब, साखर, सुटलेलं पोट, मनावरचा ताण वगैरे. आपल्याकडे ती फक्त लवकर येऊन ठेपतात.

लवकर का, याचा सगळ्यात विलक्षण धागा पुण्यात सापडला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती आणि त्यांची बाळं तपासली. इथलं बाळ सरासरी 2.7 किलोचं, इंग्लंडमधलं 3.5 किलोचं. हाडं-मांस कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नाही. म्हणजे बारीक दिसणारं बाळ आतून चरबी राखूनच जन्मतं. याज्ञिकांनी 2004 मध्ये स्वतःचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा फोटोच छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 22.3. शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2.

त्याला रक्त म्हणायचं की भूक? पिढ्यानपिढ्या आया अर्धपोटी राहिल्या, तर पोटातलं मूल त्या हिशेबानंच घडतं, असं मानणारे आज पुष्कळ आहेत. 1899-1900 च्या दुष्काळानं खानदेशातल्या भिल्ल वस्त्यांची काय दैना केली, हे आठवलं की मला ते पटतं. जनुकांचा वाटा अर्थातच आहे. हृदयविकाराचा धोका वाढवणारा लिपोप्रोटीन-ए हा रक्तातला घटक बराचसा वारशानंच ठरतो. पण जनुकं पन्नास वर्षांत बदलत नाहीत. आणि भारतातल्या एकूण मृत्यूंमध्ये हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांचा वाटा 1990 मध्ये 15.2 टक्के होता, तो 2016 मध्ये 28.1 टक्क्यांवर गेला.

तापीकाठी हा बदल डोळ्यांदेखत झाला. केळी-कापसाचा पैसा आला, बैलांच्या जागी ट्रॅक्टर, दांडानं पाणी देण्याच्या जागी ठिबक, बांधापर्यंत मोटारसायकल. शेवभाजीच्या तर्रीला सगळे नावं ठेवतात, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मागं पडल्याचं कुणी बोलत नाही. तळहातावर चुना लावून मळलेल्या तंबाखूला तर व्यसनातही धरत नाहीत. इंटरहार्टनं चघळायची तंबाखूसुद्धा दोषी धरली आहे.

सातपुड्यातला हिशेब वेगळा. तिथं कमी वजनाची बाळं जन्मतात. सिकलसेलच्या रुग्णाचं हृदय रक्तक्षयामुळं वर्षानुवर्षं जादा राबून मोठं होतं. शिवाय लहानपणी घसा दुखून आलेल्या संधिवाती तापानं झडपा खराब होतात. हा तर दाटीवाटीच्या, गरीब घरांचा आजार, युरोपात राहणीमान सुधारलं तसा तो ओसरला. त्यातच ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेल्या माणसाची रक्तदाबाची गोळी मधेच सुटते.

उपचारातला फरक आणखी उघड आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच खऱ्या कामाचं. जळगावातला माणूस तेवढ्यात स्टेंट बसवून आयसीयूत पोचू शकतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या पाड्यावरून निघालेला चांदसैलीचा घाट उतरत असतो. 2012 मध्ये गरिबांच्या उपचारांचा खर्च उचलणारी राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होता, म्हणून बिलाची धास्ती काहीशी कमी झाली. घाट तेवढाच राहिला. 2023 पासून सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत आदिवासी भागांत चाळिशीपर्यंतच्या सगळ्यांचं रक्त तपासायचं ठरलं आहे. त्याच बैठकीत दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधायला पाच मिनिटं पुरतात.