मधल्या स्पीकरला घरी यायला उशीर का झाला?

होम थिएटरच्या खोक्यातून पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर निघतो. डावा, उजवा, मागचे दोन कुठे लावायचे ते सगळ्यांना कळतं. अडतं ते मधल्या आडव्या स्पीकरपाशी. मग तो सेट-टॉप बॉक्सच्या मागे, शोकेसच्या खालच्या कप्प्यात जाऊन बसतो. खरं तर सिनेमातले बहुतेक संवाद त्याच्यातूनच येतात.

१९३१ मध्ये ईएमआय या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीचा इंजिनिअर ॲलन ब्लमलाइन याने स्टीरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याला म्हणे सिनेमा बघताना ही कल्पना सुचली: नट पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे चालत जातो, आवाज मात्र जागचा हलत नाही. त्याचा उपाय दोन चॅनेलचा, म्हणजे आवाजाच्या दोन स्वतंत्र वाटांचा होता. दोनच वर्षांनी, १९३३ मध्ये, अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेने फिलाडेल्फियाचा वाद्यवृंद तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तोही तीन चॅनेलमध्ये. दोनच स्पीकर असले तर आवाज मधूनही येतोय हा भास फक्त बरोबर मधोमध बसलेल्याला होतो. कडेच्या खुर्चीवर आवाज जवळच्या स्पीकरकडे ओढला जातो. सभागृहात कडेच्या खुर्च्याच जास्त, म्हणून मधे तिसरा खरा स्पीकर.

घरात तो आला नाही, याचं कारण तबकडीच्या चरीत आहे. १९५७-५८ च्या सुमारास स्टीरिओ एलपी आली, तेव्हा चरीच्या दोन तिरक्या भिंतींवर दोन चॅनेल कोरले गेले. तिसरी भिंतच नव्हती! थिएटरांनी मधला स्पीकर राखला, घरांनी दोनांवर भागवलं.

सत्तरच्या दशकात कंपन्यांनी घरात चार स्पीकर घालायचं ठरवलं, पण मधला वगळून, चार कोपऱ्यांत चार. या क्वाड्राफोनीच्या एसक्यू, क्यूएस आणि सीडी-४ अशा तीन पद्धती, आणि एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर धड वाजेना. गिऱ्हाइकाने कुठली घ्यावी? बहुतेकांनी कुठलीच घेतली नाही. मला वाटतं दुखणं आणखी खोल होतं. मैफलीत आपण गवयाकडे तोंड करून बसतो. पाठीमागून वाजावं असं त्या संगीतात फारसं काही नव्हतंच.

मागच्या स्पीकरला काम दिलं ते सिनेमाने. ३५ मिमी फिल्मच्या कडेला आवाजाच्या दोनच पट्ट्या मावत. डॉल्बी या कंपनीने त्या दोनांत चार चॅनेल गुंडाळले: दोन्ही पट्ट्यांत सारखं असेल ते मधे, उलट्या फेजमध्ये (एकीत लहर वर तेव्हा दुसरीत खाली) असेल ते मागे. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने या पद्धतीचा बोलबाला केला. गंमत म्हणजे त्याच दोन पट्ट्या व्हिडिओ कॅसेटवर जशाच्या तशा उतरल्या. सराउंड, म्हणजे भोवतालचा आवाज, घरात पोचला होता, फक्त उलगडणारा डबा नव्हता. १९८२ मध्ये तो डबा आला, पण त्याने मागचा आवाज तेवढा वेगळा केला. मधला स्पीकर घरात बोलू लागला १९८७ च्या प्रो लॉजिक या डॉल्बीच्याच सुधारित पद्धतीमुळे, म्हणजे वॉशिंग्टनच्या त्या प्रयोगानंतर चोपन्न वर्षांनी.

पुढचं भराभर घडलं. १९९२ मध्ये डॉल्बी डिजिटलने फिल्मच्या छिद्रांमधल्या जागेत सहा स्वतंत्र चॅनेल बसवले. त्यातला सहावा फक्त खोल खर्जाचा, म्हणून तो ‘.१’. १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये डीव्हीडी आली आणि ५.१ घरोघरी जायला मोकळं झालं.

आपल्याकडे भोवतालचा आवाज बहुतेकांना थिएटरातच भेटला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हा थिएटरात ‘शोले’चं नाणं खणखणलं की लोक खुर्चीखाली वाकून बघायचे, असं सांगतात. पुढे त्याच रस्त्यावरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून कित्येकांनी ५.१ चे संच घरी नेले आणि त्यावर व्हीसीडी लावल्या. व्हीसीडीत मुळात दोनच चॅनेल. ‘ऑल चॅनेल स्टीरिओ’चं बटण दाबलं की पाचही स्पीकर एकच गाणं गात, आणि पाहुणे खूश होत.

आता डिस्कच्या जागी ओटीटी आलं, ५.१ खरोखरचे मिळतात, तरी संवाद ऐकू येत नाहीत ही तक्रार आहेच. आधी मधला स्पीकर कप्प्यातून बाहेर काढून कानाच्या दिशेला वळवा, आणि रिसीव्हरच्या (सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या डब्याच्या) सेटिंगमध्ये फक्त त्याची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवा. सगळा व्हॉल्यूम वाढवलात तर आधी स्फोट ऐकू येतील, मग शेजारी.