अटक व न्यायालयीन अभिलेख : शोधपद्धती (महाराष्ट्र व गोवा)

एखाद्यावर गुन्हा नोंदला गेला का, त्याला अटक झाली का आणि न्यायालयात पुढे काय झाले, हे अधिकृत नोंदींवरून पडताळण्याची रीत. महाराष्ट्रात या नोंदी एका छताखाली नसतात. पोलीस ठाणे, दंडाधिकारी न्यायालय, सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालय आपापल्या क्रमांकाने नोंद ठेवतात आणि प्रकरण एका पायरीवरून दुसरीवर गेले की त्याचा क्रमांक बदलतो. हे क्रमांक एकमेकांना जोडणे हेच शोधाचे खरे काम. देशभरातील गुन्हेनोंदी जोडणाऱ्या सीसीटीएनएस प्रणालीतील सर्वंकष शोध पोलिसांपुरता आहे. नागरिकाला त्यातला ठरावीक भागच दिसतो.

पोलीस ठाण्यातील नोंदी : दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) गुन्ह्याची खबर, म्हणजेच एफआयआर, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १७३ खाली नोंदवली जाते. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याआधीच्या गुन्ह्यांच्या कागदांवर १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १५४ दिसते. नोंदीला गुन्हा रजिस्टर नंबर (गु.र.नं.) मिळतो. तो ठाण्यापुरता असतो आणि दर वर्षी एकपासून सुरू होतो, त्यामुळे ठाणे व वर्ष सोडून नुसता क्रमांक निरुपयोगी. जुन्या कागदांवर क्रमांकाआधी रोमन अंकात भाग लिहिलेला आढळतो (भाग एक साधारणपणे भारतीय दंड संहितेचा). संगणकीय शोधात तो भाग वगळून क्रमांक घालावा.

अटकेची नोंद खबरीपेक्षा वेगळी असते. डी. के. बसू खटल्यात (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या दंडकांतून अटकेच्या नोंदपत्राची सक्ती आली आणि पुढे ती संहितेत उतरली (आता कलम ३६). या पत्रावर कुटुंबातील किंवा परिसरातील प्रतिष्ठित अशा किमान एका व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची प्रतिस्वाक्षरी लागते. कलम ३७ नुसार प्रत्येक जिल्ह्यात व प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी नेमून अटक झालेल्यांची नावे, पत्ते व गुन्ह्याचे स्वरूप ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे, डिजिटल स्वरूपातही, लावायचे असते. नातेवाइकाने पहिली चौकशी ठाणे अंमलदाराकडे करावी. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा नियंत्रण कक्षाकडे वळावे. संविधानाच्या अनुच्छेद २२(२) प्रमाणे प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावेच लागते, म्हणून दुसऱ्या दिवशी संबंधित न्यायालयातील रिमांडचे कामकाज पाहणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय.

खबर सार्वजनिक दस्तऐवज आहे का, हा वाद : प्रथम खबर पाहण्याचा हक्क कुणाला, हा प्रश्न शतकाहून अधिक काळ रेंगाळला. खबर लिहून घेण्याची तरतूद १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत (कलम १३९) आहे. १८८२ च्या संहितेपासून तिला १५४ हा क्रमांक मिळाला आणि तो २०२४ पर्यंत टिकला. त्या खबरीची नक्कल कुणाला मिळावी, यावर मात्र पुराव्याच्या कायद्याच्या आधारे मतभेद होते. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने अरुमुगम खटल्यात (१८९७) फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५७ व १६८ खालील पोलीस अहवाल सार्वजनिक दस्तऐवज नाहीत आणि खटल्याआधी आरोपीला त्यांच्या नकला मागता येत नाहीत, असे ठरवले. हा निर्णय अहवालांपुरता होता. पुढे तोच खबरीलाही लावण्याचा प्रयत्न झाला, जो मूळ निर्णयाच्या शब्दांत बसत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने चन्नप्पा सिद्दरेड्डी खटल्यात (१९८०) खबर हा सार्वजनिक दस्तऐवज असल्याचे मत दिले. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये आरोपीला नक्कल देण्याची व खबरी संकेतस्थळावर टाकण्याची पद्धत घालून दिली. हीच बाजू अधिक सयुक्तिक वाटते : खबर लिहिणारा लोकसेवक कायद्याने बांधलेल्या नमुन्यात नोंद करतो आणि तिच्या आधारे माणसाचे स्वातंत्र्य जाऊ शकते.

यूथ बार असोसिएशन खटल्यात (७ सप्टेंबर २०१६) सर्वोच्च न्यायालयाने पुढील व्यवस्था लावली. खबर नोंदल्यापासून २४ तासांत संकेतस्थळावर टाकावी. इंटरनेट जोडणीची अडचण असेल तर ४८ तास आणि दुर्गम भागात फार तर ७२ तास चालतील. लैंगिक गुन्हे, बालकांवरील लैंगिक अत्याचार, दहशतवाद, बंडखोरी अशा संवेदनशील खबरी वगळता येतात, पण तो निर्णय उपअधीक्षक किंवा समकक्ष दर्जाखालच्या अधिकाऱ्याने घ्यायचा नाही. वगळल्याबद्दल तक्रार असेल तर तीन अधिकाऱ्यांची समिती तीन दिवसांत निर्णय देते. आरोपीला, किंवा आपल्याला आरोपी केल्याचा संशय असलेल्याला, पोलिसांकडून २४ तासांत आणि न्यायालयाकडून दोन कामकाजी दिवसांत नक्कल मिळाली पाहिजे. फिर्यादीला व पीडिताला ती कायद्यानेच विनामूल्य मिळते.

दोषारोपपत्राला (तपासाअंती पोलीस न्यायालयात देतात त्या चार्जशीटला) हा न्याय लागू नाही. सौरव दास खटल्यात (२० जानेवारी २०२३) सर्वोच्च न्यायालयाने ते सार्वजनिक दस्तऐवज नसल्याचे सांगून सर्व दोषारोपपत्रे संकेतस्थळावर टाकण्याची मागणी फेटाळली. न्यायालयाने दखल घेतल्यानंतर ते न्यायालयीन अभिलेखाचा भाग बनते, या युक्तिवादात वजन आहे. सध्या मात्र हा निवाडाच बंधनकारक आहे. आरोपीला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० खाली दोषारोपपत्राच्या प्रती मिळतात. त्रयस्थाला न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो.

संकेतस्थळावरील शोध : महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर प्रकाशित खबरी जिल्हा, ठाणे व तारीख निवडून पाहता येतात. इथे सर्वांत जास्त चूक होते ती ‘जिल्हा’ निवडताना. पोलीस घटक आणि न्यायिक जिल्हा एक नसतात. पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ पासून वेगळे आहे, पण न्यायालये पुणे जिल्ह्याचीच. म्हणून पोलिसांच्या यादीत पिंपरी-चिंचवड निवडायचे, न्यायालयांच्या यादीत पुणे, आणि त्यातही ठाण्यानुसार वडगाव मावळ, खेड किंवा पिंपरी. २०१८ आधीची खबर पुणे शहर वा पुणे ग्रामीणमध्ये शोधावी. रेल्वे हद्दीतील गुन्हे लोहमार्ग पोलिसांच्या वेगळ्या घटकाखाली सापडतात.

न्यायालयांसाठी ई-कोर्ट्स ही सेवा आहे. प्रत्येक खटल्याला सोळा वर्णांचा सीएनआर क्रमांक असतो : दोन अक्षरे राज्याची (महाराष्ट्रासाठी एमएच), दोन जिल्ह्याची (पुण्यासाठी पीयू), दोन अंक आस्थापनेचे (त्या जिल्ह्यातील नेमक्या न्यायालयाचे), सहा अंकी अनुक्रम व चार अंकी वर्ष. तो हाती असेल तर शोध तिथेच संपतो. नसेल तर गु.र.नं., पक्षकाराचे नाव, खटला क्रमांक किंवा वकिलाचे नाव यांवरून शोधता येते. नावाच्या शोधात किमान तीन अक्षरे व वर्ष लागते. हे वर्ष न्यायालयात नोंद झाल्याचे असते, गुन्ह्याचे नव्हे. त्यामुळे २०२१ च्या गुन्ह्यासाठी २०२२ व २०२३ ही वर्षेही पाहावीत. खटल्याची स्थिती (प्रलंबित, निकाली की दोन्ही) विचारल्यास ‘दोन्ही’ निवडावे, नाहीतर निकाली खटले सुटतात. रोमन लिपीतील स्पेलिंगचा ताप मोठा असतो. गायकवाड, चौधरी, दीक्षित ही आडनावे दोन-तीन प्रकारे लिहिली जातात, आणि नोंदणाऱ्याने आडनाव आधी टाकले की पहिले नाव, हेही ठरलेले नसते. नुसत्या आडनावाची पहिली चार-पाच अक्षरे घालून यादी चाळणे अधिक फलदायी.

दोषारोपपत्र येण्याआधी प्रकरण फक्त रिमांडच्या कागदांत असते आणि ई-कोर्ट्सवर बहुधा दिसत नाही. आरोपी कोठडीत असताना दोषारोपपत्र देण्याची मुदत कायद्याने गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांची आहे. ती चुकली तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, पण तपास चालूच राहतो. म्हणून नोंद न दिसण्याचा काळ वर्षभराचाही असू शकतो. या काळात जामीन अर्ज शोधावा. त्याला स्वतंत्र क्रमांक असतो आणि आदेशात ठाणे, गु.र.नं., कलमे व थोडक्यात हकीकत मिळते. दोषारोपपत्रानंतर नियमित खटल्याला आर.सी.सी., संक्षिप्त खटल्याला एस.सी.सी. अशी आद्याक्षरे लागतात. मुंबईतील जुन्या दंडाधिकारी खटल्यांच्या क्रमांकात मध्ये ‘पीडब्ल्यू’ किंवा ‘एसएस’ दिसते. सत्र न्यायालयाकडे वर्ग झालेला खटला दंडाधिकाऱ्याच्या पानावर ‘निकाली’ असतो. तो सुटकेचा निकाल समजणे ही गंभीर चूक आहे, कारण नव्या सीएनआरखाली त्याची सुनावणी चालू असते. धनादेश न वटल्याचे खटले खासगी फिर्यादीचे, त्यामुळे तिथे गु.र.नं.च नसतो.

खटल्याच्या पानावर सुनावणीच्या तारखांची यादी असते. तारखेवर टिचकी मारली की त्या दिवशीचा रोजनामा (कामकाजाची नोंद) उघडतो. ‘आरोपी १ ते ३ हजर, आरोपी ४ गैरहजर, अजामीनपात्र वॉरंट, साक्षीदार गैरहजर’ अशा चार तुकड्यांतून खटला का थांबला आहे ते कळते. आरोपी फरार असल्याने डॉर्मंट फाइलला गेलेला (तात्पुरता बाजूला ठेवलेला) खटला संपलेला नसतो. पोलिसांनी तपासाअंती दिलेला समरी अहवालही वेगळा वाचावा : ‘ए’ म्हणजे गुन्हा खरा पण छडा नाही, ‘बी’ म्हणजे हेतुपुरस्सर खोटी फिर्याद, ‘सी’ म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून आलेली फिर्याद.

काही कारवाया न्यायालयीन संकेतस्थळावर कधीच येत नाहीत. चॅप्टर केस, म्हणजे शांतता व चांगल्या वर्तणुकीची हमी घेण्याची प्रतिबंधक कारवाई (फौजदारी प्रक्रिया संहितेची पूर्वीची कलमे १०७ व ११०, आता नागरिक सुरक्षा संहितेची १२६ व १२९), कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे तहसीलदार किंवा सहायक पोलीस आयुक्तांकडे चालते. तडीपारीचे आदेश महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५५ ते ५७ खाली निघतात. बालकांची ओळख बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने आणि लैंगिक गुन्ह्यातील पीडितांची भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने संरक्षित आहे. शोधणाऱ्याला नाव कळले तरी ते प्रसिद्ध करणे गुन्हा ठरतो.

नक्कल : संकेतस्थळावरील प्रत माहितीपुरती असते. पुरावा म्हणून प्रमाणित नक्कल लागते. नक्कल विभागात खटला क्रमांक, पक्षकार, निकालाची तारीख आणि नेमका कोणता कागद हवा ते लिहून, कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्यावा. निकालाची तारीख नसेल तर अभिलेख कक्षातून फाइल निघायला फार वेळ जातो. त्रयस्थाला कारण सांगणारे प्रतिज्ञापत्र व न्यायालयाची परवानगी लागते. माहिती अधिकाराचा अर्ज इथे उपयोगाचा नाही : सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनीच नक्कल घ्यावी असे ठरवले. नकलेच्या शेवटी अर्जाची, तयार झाल्याची व दिल्याची तारीख असल्याचे पाहूनच ती घ्यावी. अपिलाची मुदत मोजताना नकलेला लागलेला वेळ वगळला जातो आणि तो याच तारखांवरून ठरतो.

उच्च न्यायालय व जुने अभिलेख : मुंबई उच्च न्यायालयाची प्रकरणे मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर व गोवा (पर्वरी) येथे विभागून आहेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे फिरते खंडपीठ कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्गसाठी काम करते. या सहा जिल्ह्यांतील अपील शोधताना मुंबई व कोल्हापूर दोन्ही पाहावीत. हे न्यायालय १८६२ मध्ये सुरू झाले. त्याआधी मुंबई शहरात मेयर कोर्ट (१७२८), रेकॉर्डर कोर्ट (१७९८) व सुप्रीम कोर्ट (१८२४) होते. त्या काळच्या सरकारी कागदपत्रांसाठी मुंबईतील राज्य अभिलेखागार, ज्याची स्थापना १८२१ ची, हे मुख्य ठिकाण. गोव्यातील १९६१ पूर्वीचे न्यायालयीन कागद पोर्तुगीजमध्ये आहेत आणि त्यांसाठी पणजीच्या अभिलेखागारात चौकशी करावी लागते.