पाण्यावर चालणारी पणती आणि तळणीचं तेल

दिवाळी जवळ आली की नागपुरात बर्डीच्या बाजारात फुटपाथवर प्लास्टिकच्या पणत्यांचे ढीग लागतात. विक्रेता पणतीत चमचाभर पाणी ओततो, ती लगेच उजळते आणि ‘तेल नको, वात नको, पाण्यावर चालते’ म्हणत तो डझनाचं पाकीट हातात ठेवतो. घेणाऱ्यांपैकी बरेच जण हे खरंच मानतात. पण पाणी म्हणजे हायड्रोजन जळून झाल्यावर उरलेला पदार्थ. राखेतून जसा पुन्हा जाळ निघत नाही, तसा पाण्यातून उजेड निघत नाही. त्या पणतीच्या बुडाशी धातूचे दोन ठिपके असतात आणि खाली बंद डबीत एक एलईडी, बारीकसा सर्किटचा तुकडा आणि बटणासारखे सेल. नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार थोडी वीज वाहू देतात, त्यामुळे पाणी पडलं की दोन ठिपक्यांमधला तुटलेला मार्ग जोडला जातो. म्हणजे पाण्याचं काम फक्त बटणाचं. सेल संपले की बहुतेक पणत्या उघडताच येत नाहीत. प्लास्टिक, एलईडी आणि सेल एकत्रच कचऱ्यात जातात आणि मग भांडेवाडीच्या कचरा डेपोत पोचतात. घरात लहान मूल असेल तर फुटलेल्या पणतीतून निघालेले हे सेल धोकादायकही आहेत. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता दवाखाना गाठावा.

सण साधेपणाने करायचा म्हटलं की लोकांना वाटतं, काहीतरी कमी करायचं, मन मारायचं. पणतीच्या बाबतीत गंमत उलटी आहे. मागच्या वर्षीची पणती, फराळ तळून उरलेलं तेल आणि जुन्या सुती कापडाची वात, या तिन्ही गोष्टी घरात असतात आणि नीट तयार केल्या तर नव्या सामानापेक्षा बऱ्याचदा चांगल्या चालतात. मात्र त्यासाठी तेल वातीतून वर कसं जातं, हे कळायला हवं.

शाळेत केशाकर्षण शिकवताना काचेची बारीक नळी पाण्यात उभी करून दाखवतात. नळी जितकी बारीक, तितकं पाणी उंच चढतं. वातीत अशा नळ्यांऐवजी तंतूंमधल्या फटी असतात. तेलाचा पृष्ठताण, म्हणजे त्याला वर ओढणारा पृष्ठभागाचा ताण, पाण्याच्या जेमतेम निम्मा, तरीही फटीची त्रिज्या ०.०५ मिलिमीटर धरली तर तेल सुमारे १५ सेंटिमीटर चढू शकतं. पणतीत त्याला चढायचं असतं दीड-दोन सेंटिमीटर. म्हणजे ओढ भरपूर आहे. मग ज्योत मिणमिणते का? कारण अडचण उंचीची नाही, वेगाची आहे.

खाद्यतेल घट्ट असतं. साध्या तापमानाला त्याची श्यानता, म्हणजे वाहायला होणारा विरोध, पाण्याच्या पन्नास-साठ पट भरते, रॉकेलची मात्र पाण्याच्या दुप्पटही नसते. म्हणून कंदिलात रॉकेल खाली टाकीत ठेवून वात लांबवर वर नेता येते आणि पणतीत तेल काठाशी लागतं. आता थोडं गणित. फटीची ओढ त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते, पण वाहण्याला होणारा अडथळा त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. फट निम्मी झाली की ओढ दुप्पट होते, अडथळा चौपट होतो आणि तेलाचा वेग निम्म्यावर येतो. गच्च पीळ दिलेली वात दिसायला देखणी, पण ज्योतीला उपाशी ठेवते ती यामुळेच. लांबीचंही तसंच. तेलापासून ज्योतीपर्यंतचं अंतर दुप्पट झालं की पुरवठा निम्मा. कोरडी वात पहिला एक सेंटिमीटर भिजायला जितका वेळ घेते, त्याच्या चौपट वेळ दोन सेंटिमीटर भिजायला लागतो. तेल भरून लगेच काडी लावली की टोक कोरडंच जळतं, कोळसा होतं आणि त्यापुढे ती वात कधीच नीट पेटत नाही. वात आधी पूर्ण तेलात बुडवायची, दहा-पंधरा मिनिटं ठेवायची, हलकी पिळायची आणि मगच पणतीत लावायची.

ज्योत स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, तेही याच कारणाने. उष्णता वातीतून आणि पणतीच्या चोचीतून मागे जाते, तिथलं तेल तापतं. १०० अंशांच्या आसपास तेलाची श्यानता सात-आठ पटींनी घटते. तेल पातळ होतं, पुरवठा वाढतो, ज्योत मोठी होते, तेल आणखी तापतं. हे चक्र कुठे थांबायचं, ते वातीचं बाहेर आलेलं टोक ठरवतं. चार-पाच मिलिमीटर टोक बाहेर असलं की पुरे. सेंटिमीटरभर काढलं तर हवेतला ऑक्सिजन पुरणार नाही इतकी वाफ तयार होते आणि काजळीचा धूर निघतो. काजळी तशी प्रत्येक ज्योतीत असते, पिवळा उजेड त्या तापलेल्या कणांचाच. फक्त ती ज्योतीच्या टोकापर्यंत जळून संपली पाहिजे.

आता उरलेलं तेल. चकल्या, शेव, चिरोटे झाल्यावर कढईत राहिलेलं तेल पुन्हा स्वयंपाकात वापरू नये असं आपण ऐकतो आणि ते बरोबरच आहे. तापवून तापवून तयार झालेल्या ध्रुवीय संयुगांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, असा नियम देशात २०१८ पासून लागू आहे. पण जाळायला ते चालतं. अडचण तेलापेक्षा त्यातल्या गाळाची. मीठ तेलात विरघळत नाही, ते पिठाच्या कणांसोबत खाली बसतं. अनारसे आणि करंज्यांच्या तेलात गूळ-साखरेचे कण असतात, आणि ते सगळ्यात वाईट. वातीच्या टोकाशी त्यांचा कोळसा होतो आणि फटी बुजतात. म्हणून तेल रात्रभर स्थिर ठेवायचं, सकाळी वरचं नितळ तेल दुहेरी मलमलीतून गाळायचं आणि तळाचं बोटभर तेल सोडून द्यायचं. तेल काळपट झालं असेल, बोटाला चिकट लागत असेल तर त्यात निम्मं ताजं मिसळावं, नाहीतर तासाभरात वात बुजते. पाण्याचा थेंबही नको. तो उकळला की ज्योत तडतडते. रॉकेल किंवा पेट्रोल मात्र कधीही मिसळू नये. खाद्यतेलाची वाफ काडीने पेट घ्यायला तेल ३०० अंशांवर तापावं लागतं, रॉकेलला चाळीसच्या आसपास पुरतात.

पाच सेंटिमीटरच्या पणतीत १५ ते २० मिली तेल मावतं. मध्यम वातीला तासाला साधारण ३-४ मिली लागतं, म्हणजे संध्याकाळ निघते. वातीगणिक हे बदलतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पणती पेटवण्याआधी आणि तासाने तोलली की आपला आकडा मिळतो. अकरा पणत्या, पाच संध्याकाळी, असा हिशेब केला तर पाऊण ते एक लीटर लागेल. एका घरच्या फराळातून साधारण इतकं तेल उरतंच.

वातीसाठी बरेचदा धुतलेलं जुनं धोतर किंवा सुती चादर उत्तम. दीड सेंटिमीटर रुंद, आठ सेंटिमीटर लांब पट्टी सैलसर वळायची. मात्र हल्ली ‘सुती’ म्हणून मिळणाऱ्या कापडात पॉलिएस्टर मिसळलेलं असतं. एक धागा जाळून बघावा. जळक्या कागदाचा वास आणि बोटात चुरगळणारी राख आली तर सूत, टोकाला काळा कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. पॉलिएस्टर वितळून फटी लिंपून टाकतं.

नवी मातीची पणती स्वतःच तेल पिते, कारण भाजलेल्या मातीतही बारीक छिद्रं असतात. म्हणून ती आधी पाण्यात भिजवायची पद्धत आहे. पण बरेच जण भिजवून मग दोन दिवस कडक उन्हात वाळवतात. छिद्रांतलं पाणी उडून गेलं की भिजवण्याचा उपयोग काय? चार-पाच तास भिजवून, पुसून, सावलीत वरवर कोरडी होईपर्यंतच ठेवावी. मागच्या वर्षीच्या पणतीला हे काहीच लागत नाही. तिची छिद्रं तेलाने भरलेली असतात.

पणतीत अर्धं पाणी आणि वर तेल, हा प्रकार काचेच्या पेल्यात तरंगत्या वातीवर चांगला चालतो. तेल हलकं, वर राहतं, तेल संपलं की ज्योत पाण्याशी येऊन चुर्रकन विझते. मातीच्या पणतीत वात तळाला टेकते, पाणी पिते आणि तडतडते. ‘पाण्यावर जळणारा दिवा’ म्हणून कुठे गर्दी जमली असेल तर पाण्याच्या वर काय तरंगतंय, ते आधी बघावं.

तुपाचीही एक कथा मोबाइलवर दरवर्षी फिरते, की गाईचं तूप जाळलं की ऑक्सिजन तयार होतो. १० ग्रॅम तूप किंवा तेल जळताना जवळपास २९ ग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो, सुमारे २८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १० ग्रॅमहून थोडं अधिक पाणी तयार होतं. तूप असो की जवस, रसायनशास्त्र तेच. शिवाय कार्तिकात नागपूरचा रात्रीचा पारा १५-१६ अंशांवर येतो, तेव्हा तूप आणि खोबरेल दोन्ही गोठतात आणि गोठलेली चरबी वातीत चढत नाही. घरातला वितळलेल्या तुपाचा दिवा बाहेरच्या ओट्यावर तग धरत नाही, त्यामागे अपशकुन वगैरे काही नसतो.

उलट बाजूही सांगायला हवी. तासाला ३ ग्रॅम तेल म्हणजे सुमारे ३० वॅट उष्णता, आणि त्यातून मिळणारा उजेड दहा-बारा ल्युमेनच्या (ल्युमेन म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास. एलईडी तेवढा उजेड ०.१ वॅटमध्ये देतो. उजेडच हवा असेल तर माळ्यावरची मागच्या वर्षीची एलईडीची माळ उतरवावी, एखादा जोड सैल झाला असेल तर तो डाग देऊन जोडून घ्यावा. नवी आणायचं कारण नाही. फटाक्यांचंही तसंच. ‘ग्रीन’ फटाके आपल्याच शहरातल्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने तयार केले. त्यांचा दावा धूलिकण सुमारे ३० टक्क्यांनी कमी करण्याचा आहे. म्हणजे ७० टक्के उरतातच. दुप्पट उडवले तर साध्यापेक्षा जास्त धूर झाला, हे पाकिटावर छापलेलं नसतं.

सण झाल्यावर पणत्या सोड्याच्या पाण्यात उकळू नयेत, छिद्रांतलं तेल निघून जातं. उरलेलं तेल काढून कोरड्या चिंधीने पुसावं, चोचीवरची काजळी जुन्या टूथब्रशने काढावी आणि कागदात गुंडाळून ठेवावं. वर्षभरात तेलाचा पातळ थर हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून वार्निशसारखा कडक होतो आणि पणतीची छिद्रं आणखी बुजवतो. शेंगदाण्याचं तेल हे फार सावकाश करतं, सोयाबीनचं जरा लवकर, आणि आपल्याकडचं जवसाचं सगळ्यांत झपाट्याने. त्यामुळे जवसाचं तेल जाळलं असेल तर पणतीत रात्रभर उरलेली वात दुसऱ्या दिवशी चिकटून बसते, ती रोज बदलावी. आणि त्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात ढीग करून टाकू नयेत. घट्ट होताना उष्णता सुटते, ढिगात ती बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि चिंध्या कुणी काडी न लावता पेटू शकतात. मोकळ्या हवेत दोरीवर पसरून कडक वाळल्यावरच त्या टाकाव्यात.