कुत्र्यांच्या रक्तात आधीच उमटलेला ताप

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याच्या पूर्व भागात 2002 ते 2004 या काळात 'रॉकी माउंटन स्पॉटेड फीवर' या गोचीडजन्य तापाचे 16 रुग्ण आढळले आणि त्यांपैकी दोघे दगावले. हा ताप आणणाऱ्या 'रिकेट्सिया रिकेट्सी' या जिवाणूचा प्रसार तोवर तिथल्या रानातील गोचिडींकडून होतो असे मानले जात असे. या कोरड्या प्रदेशात मात्र सापडली ती कुत्र्यांच्या अंगावरची तपकिरी गोचीड. ही गोचीड भिंतींच्या फटींत आणि अंगणातल्या अडगळीतही वाढते व तिची एक मादी हजारो अंडी घालते, त्यामुळे मोकाट कुत्री असलेल्या वस्तीत मुले खेळतात तिथेच गोचिडींचा सुळसुळाट होतो.

संशोधकांनी मग कुत्र्यांचे रक्त तपासले. जिवाणूविरुद्ध शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे संसर्ग ओसरल्यावरही काही काळ टिकतात. बाधित वस्त्यांतील निम्म्याहून अधिक कुत्र्यांमध्ये ठिपक्यांचे ताप आणणाऱ्या रिकेट्सिया गटातील जिवाणूंविरुद्धची प्रतिपिंडे मिळालीच, शिवाय 1996 साली घेऊन साठवलेल्या काही नमुन्यांतही ती होती. माणसांतील साथ लक्षात येण्यापूर्वीच या गटातील जिवाणू त्या परिसरात वावरत होते, हे त्यावरून कळले. प्रतिपिंडे असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. जिवाणूशी कधीतरी गाठ पडली होती, इतकेच त्यावरून सिद्ध होते. कुत्र्याला दोषी धरणे तर सर्वस्वी चुकीचे आहे, कारण त्याच्या सहवासाने हा ताप होत नाही, तो गोचीड चावल्याने होतो. 2012 साली तिथल्या एका वस्तीत कुत्र्यांना गोचीडनाशक पट्टे बांधून घरांभोवती फवारणी केली, तेव्हा गोचिडी झपाट्याने घटल्या.

याच प्रकारची तपकिरी गोचीड महाराष्ट्रातील कुत्र्यांवरही सर्रास आढळते आणि त्यांच्यात 'एर्लिकिया कॅनिस' या जिवाणूचा ताप पसरवते. रिकेट्सियाच्या इतर जातींमुळे माणसांना येणारे ठिपक्यांचे तापही आपल्याकडे नोंदले गेले आहेत.

उपचारात वेळ सर्वांत मोलाचा. प्रतिपिंडांची चाचणी पहिल्या आठवड्यात बहुधा नकारात्मक येते आणि अंगावरचे ठिपके तापानंतर काही दिवसांनी उमटतात, म्हणून लक्षणांवरून संशय येताच डॉक्टर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू करतात. पहिल्या 5 दिवसांत ते मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता खूप वाढते. तेव्हा तापाच्या रुग्णाला दवाखान्यात नेताना घरातल्या कुत्र्याला गोचिडी झाल्या आहेत का, हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणच सांगावे.