स्पॅम गाळणी (स्वव्यवस्थापित मेल सर्व्हर)

स्वतः चालवलेल्या मेल सर्व्हरवर येणारे अनाहूत, घाऊक आणि फसवे ईमेल ओळखून अडवण्याच्या किंवा बाजूला काढण्याच्या व्यवस्थेला स्पॅम गाळणी म्हणतात. तयार ईमेल सेवेत गाळणीचे निकष सेवा देणारी कंपनी ठरवते. येथे ते व्यवस्थापकाला ठरवावे लागतात आणि चुकलेल्या निर्णयाचे उत्तरही त्यालाच द्यावे लागते.

ईमेल स्वीकारण्यापूर्वी अडवायचा की स्वीकारल्यानंतर, हा यातला कळीचा प्रश्न आहे. दोन सर्व्हरांमधला एसएमटीपी (ईमेल पाठवण्याची ठरलेली पद्धत) संवाद चालू असतानाच ५५० हा संकेतांक देऊन नकार दिला, तर चुकून अडलेल्या खऱ्या प्रेषकाला पत्र पोहोचले नसल्याचे त्याच्या सर्व्हरकडून कळते. याउलट, २५० हा होकाराचा संकेतांक देऊन ईमेल एकदा स्वीकारला की तो पोहोचवण्याची किंवा न पोहोचल्याचे कळवण्याची जबाबदारी घेणाऱ्या सर्व्हरवर येते. पण स्पॅममधील प्रेषकाचा पत्ता बहुधा खोटा असल्याने ती सूचना भलत्याच माणसाच्या पेटीत जाऊन पडते. स्वीकारलेला ईमेल गुपचूप नष्ट करणे हा तर सर्वांत वाईट मार्ग होय, कारण मग दोन्हीकडच्या माणसांना कशाचाच पत्ता लागत नाही.

म्हणून पोस्टफिक्स, एक्झिम यांसारख्या सर्व्हरांत कमी खर्चाच्या तपासण्या दारातच लावतात. समजा, १९२.०.२.२५ या पत्त्यावरून जोडणी आली, तर सर्व्हर आकड्यांचे गट उलटे लावून, २५.२.०.१९२ या क्रमाने, काळ्या यादीच्या (स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या यादीच्या) डोमेनखाली डीएनएसकडे (डोमेन नावांच्या नोंदी सांगणाऱ्या यंत्रणेकडे) विचारणा करतो, १२७.०.०.२ सारखे उत्तर आले तर पत्ता यादीत आहे, नोंदच सापडली नाही तर तो यादीत नाही. यातली एक खोच नवख्यांना छळते. सार्वजनिक डीएनएस सेवेमार्फत विचारणा केल्यास स्पॅमहाऊस या काळ्या याद्या चालवणाऱ्या संस्थेकडून १२७.२५५.२५५.२५४ हा त्रुटिसंकेत येऊ शकतो, आणि कोणतेही उत्तर म्हणजे होकार असे धरणारा सर्व्हर मग चांगले ईमेलही परतवू लागतो. स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर (डीएनएसकडे विचारणा करणारा सर्व्हर) चालवणे हा त्यावरचा उपाय आहे.

ग्रेलिस्टिंगमध्ये अनोळखी प्रेषकाला ४५१ हा तात्पुरता नकार देतात. रीतसर सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा येतो, स्पॅम ओकणारे पुष्कळ प्रोग्राम येत नाहीत. ईमेलवर ओटीपी मागवून बसलेल्याला मात्र हा उशीर नडतो. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पडताळणी पद्धतींतून प्रेषकाच्या डोमेनची सत्यता पडताळता येते, मजकुराचा हेतू नव्हे.

यातून सुटलेला ईमेल स्पॅमअसॅसिन किंवा आरस्पॅमडी यांसारख्या गुणांकन प्रणालीकडे जातो. स्पॅमअसॅसिनमध्ये जुळलेल्या नियमांच्या धन-ऋण गुणांची बेरीज ५ झाली की ईमेल स्पॅम ठरतो. ही मर्यादा बदलता येते. निर्णय एका नियमावर टेकलेला नसला, तरी जुनाट नियम घात करू शकतो: दूरच्या भविष्यातील तारखा पकडण्यासाठी लिहिलेल्या एका नियमात २०१० हे वर्षही सापडल्याने, ते वर्ष उजाडताच अस्सल ईमेलांनाही भरघोस गुण पडू लागले. जोडीला शब्दांच्या आढळावरून शक्यता काढणारी बेझियन पद्धत असते, पण स्पॅमअसॅसिनच्या मूळ मांडणीत किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले ईमेल शिकवल्याशिवाय ती मत देत नाही.

शेवटी सिव्ह या ईमेल-नियम लिहिण्याच्या भाषेतील नियम हेडर (ईमेलच्या सुरुवातीची तांत्रिक माहिती) वाचून ईमेल योग्य फोल्डरमध्ये टाकतात. डव्हकॉट या मेलपेट्या सांभाळणाऱ्या सर्व्हरमध्ये, वापरकर्त्याने ईमेल स्पॅम फोल्डरात हलवला की तोच गाळणीला धडा म्हणून पाठवण्याची सोय करता येते. मात्र स्वतःच नाव नोंदवलेली बातमीपत्रे कंटाळून तिकडे ढकलणारे वापरकर्ते गाळणीला चुकीचे शिकवतात, त्यामुळे प्रत्येकाचा शिक्षणसंच वेगळा ठेवणे श्रेयस्कर ठरते.