हॅराल्ड थोरसन, गावबँका आणि टेकडीवरचे कॉलेज : एक पार्श्वभूमी

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात नॉर्थफील्ड गावालगतच्या टेकडीवर सेंट ओलाफ कॉलेज आहे. तेथे 1948 साली बांधलेल्या विद्यार्थी वसतिगृहाला थोरसन हॉल असे नाव आहे. हे नाव हॅराल्ड थोरसन यांचे. ते नॉर्वेतून आले, नॉर्थफील्डमध्ये दुकानदारी करून स्थिरावले आणि पुढे मिनेसोटाच्या पश्चिमेकडील एल्बो लेक या छोट्या गावात बँकर झाले. कॉलेजच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. दुकानदार आणि गावबँकेचा मालक असलेला माणूस उच्च शिक्षणाच्या संस्थेचा आधार कसा बनला, हे समजून घ्यायचे तर त्या काळातील नॉर्वेजियन वस्ती, तिची शेती आणि त्या शेतीला लागणारा पैसा यांच्याकडे पाहावे लागते.

नॉर्वेत लागवडीखालची जमीन देशाच्या एकूण क्षेत्रफळाच्या जेमतेम तीन टक्के होती. वडिलोपार्जित शेत अखंड राहावे म्हणून ते बहुधा थोरल्या मुलाकडे जाई आणि धाकट्यांना दुसऱ्याच्या शेतावर कूळ म्हणून राबावे लागे किंवा समुद्राची वाट धरावी लागे. 4 जुलै 1825 रोजी स्टाव्हांगर बंदरातून ‘रेस्तोराशोन’ हे छोटे गलबत निघाले, तेव्हापासून नॉर्वेतून अमेरिकेकडे संघटित स्थलांतर सुरू झाले असे मानतात. पुढील शंभर वर्षांत आठ लाखांहून अधिक माणसे तिकडे गेली. 1862 च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे जमीन कसणाऱ्याला 160 एकर देण्याची तरतूद केली आणि मिनेसोटाची माळराने नॉर्वेजियन कुटुंबांनी भरू लागली. जमीन जवळपास फुकट मिळत असली तरी नांगर, बैल, बियाणे, कापणीयंत्र आणि पहिले पीक हाती येईपर्यंतचे पोटापाण्याचे सामान फुकट नव्हते. ते आधी दुकानदाराच्या उधारीच्या वहीवर चढे. अशा वस्त्यांतील कित्येक बँकांचे मूळ त्याच वहीत आहे.

कॉलेजची कल्पना मात्र एका पाद्र्याची होती. बर्न्ट यूलियस मूस हे 1859 साली नॉर्वेतून आले आणि गुडह्यू काउंटीतील होल्डन येथे ल्यूथरन या प्रोटेस्टंट पंथाचे धर्मगुरू म्हणून काम करू लागले. शेतकऱ्यांच्या मुलांना आपला धर्म आणि आपली भाषा न सोडता सर्व विषय शिकता यावेत, ही त्यांची तळमळ होती. 1869 साली त्यांनी आपल्याच निवासात शाळा चालवून पाहिली, पण ती टिकली नाही. आयोवा राज्यातील डेकोरा येथे 1862 पासून ल्यूथर कॉलेज चालू होते, परंतु ते फक्त मुलांसाठी होते आणि मूस यांना मुलींनाही शिकवायचे होते. त्यांनी एन. ए. क्वाम्मेन या धर्मबंधूला सोबत घेतले आणि नॉर्थफील्डच्या थोरसन यांच्याकडे मदत मागितली.

काळ अतिशय वाईट होता. सप्टेंबर 1873 मध्ये जे कुक या बड्या बँकरची पेढी कोसळली, रेल्वेचे बांधकाम थांबले आणि देशभर मंदी पसरली. त्यातच मिनेसोटाच्या नैर्ऋत्य भागातील पिकांवर टोळधाडी येत होत्या. अशा दिवसांत मूस, क्वाम्मेन आणि थोरसन यांनी मंडळींकडून सुमारे 10,000 डॉलर देण्याची वचने मिळवली. 6 नोव्हेंबर 1874 रोजी संस्थेची नोंदणी झाली आणि नॉर्थफील्डच्या जुन्या सरकारी शाळेच्या इमारती घेऊन 8 जानेवारी 1875 रोजी 36 विद्यार्थ्यांनिशी वर्ग सुरू झाले. प्राचार्य थोरब्योर्न मोन स्वतः ल्यूथर कॉलेजचे पदवीधर होते. वचन आणि रोख रक्कम यांत फार अंतर असते, हे उधारीवर माल देणाऱ्याला जितके कळते तितके क्वचितच कोणाला कळत असेल. म्हणूनच संस्थापकांमध्ये एक व्यापारी असणे ही मला योगायोगाची गोष्ट वाटत नाही.

बँक आणि कॉलेज ही दोन्ही त्या गावात एकाच माणसाच्या हाती कशी असत, याचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण शेजारच्या दुसऱ्या कॉलेजचे आहे. 7 सप्टेंबर 1876 रोजी जेम्स-यंगर टोळीने नॉर्थफील्डच्या फर्स्ट नॅशनल बँकेवर दरोडा घातला. जोसेफ ली हेवूड तेव्हा बँकेत काम करत होते आणि कार्लटन कॉलेजचे कोषाध्यक्षही तेच होते. दरोडेखोरांनी तिजोरी उघडायला फर्मावले, मारहाण केली, तरी त्यांनी ती उघडली नाही, आणि निघता निघता टोळीने त्यांना गोळी घातली. बाहेर रस्त्यावर निकोलाउस गुस्ताफसन हा स्वीडिश स्थलांतरितही गोळी लागून पडला व काही दिवसांनी दगावला. टोळीच्या हाती सुमारे 26 डॉलर लागले. दोन आठवड्यांनंतर मडेलियाजवळ आस्ले ऑस्कर सोर्बेल या नॉर्वेजियन शेतकऱ्याच्या सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या शेताजवळून जाणाऱ्या अनोळखी माणसांना ओळखले, घोड्यावरून गावात जाऊन खबर दिली आणि यंगर बंधू पकडले गेले. त्या काळी ठेवींना विमा नव्हता, त्यामुळे तिजोरी रिकामी होणे म्हणजे गावकऱ्यांच्या घरात चूल न पेटणे. हेवूड त्या तिजोरीपुढे का उभे राहिले, हे एवढ्यावरून कळते.

अशा गावांत स्थानिक बँकरला एवढे महत्त्व का मिळाले, याचे उत्तर बऱ्याच अंशी कायद्यात आहे. 1864 च्या राष्ट्रीय बँक कायद्यानुसार सहा हजारांपर्यंत वस्तीच्या गावातही राष्ट्रीय बँक (म्हणजे केंद्र सरकारच्या परवान्यावरील खासगी बँक) काढायला 50,000 डॉलरचे भांडवल लागे आणि अशा बँकेला शेतजमीन गहाण ठेवून कर्ज देण्याची मनाई होती. नव्या वस्तीत तर शेतकऱ्याजवळ जमिनीखेरीज गहाण टाकण्याजोगे काहीच नसे. ही पोकळी राज्याच्या परवान्यावरील लहान बँकांनी आणि खासगी पेढ्यांनी भरून काढली. लहान गावांसाठी भांडवलाची अट 1900 साली 25,000 डॉलरवर आली आणि शेतजमिनीवर कर्ज देण्याची मुभा 1913 साली मिळाली. तोपर्यंत गावबँकांचे जाळे विणले गेले होते. बँकर वसंतात पेरणीसाठी कर्ज देई, शरदात गहू रेल्वेच्या धान्यकोठारात गेल्यावर वसूल करी आणि उरलेली शिल्लक मिनियापोलिससारख्या शहरातील मोठ्या बँकेत ठेवी. सीमेवरच्या भागात 10 टक्के व्याज नवलाचे नव्हते. गल्ल्यामागचा माणूस नॉर्वेजियन बोलणारा असला, तर नुकत्याच आलेल्या शेतकऱ्याला वचनचिठ्ठीवरचा इंग्रजी मजकूर समजून घेता येई. बँकरच्या बाजूनेही कोणाचा महसूल थकला आहे, कोणाची गाय व्याली आणि कोण रविवारी चर्चमध्ये दिसत नाही, हे सारे ठाऊक असल्याने कर्जाची जोखीम कागदाविना ताडता येई.

थोरसन ग्रँट काउंटीतील एल्बो लेक येथे गेले ते याच व्यवसायात. नॉर्थफील्ड परिसरातील चांगली जमीन तोवर गेली होती आणि वस्ती रेल्वेमागोमाग पश्चिमेकडे सरकत होती. नव्या गावात धान्यकोठार, चर्च आणि बँक या तिन्ही गोष्टी थोड्याफार अंतराने उभ्या राहत. गाव बदलले तरी थोरसन यांनी कॉलेजशी नाते तोडले नाही आणि बँकिंगमधून मिळवलेल्या पैशाचा वाटा त्या टेकडीकडे वळता राहिला.

त्या आधाराची खरी किंमत 1890 च्या दशकात दिसते. 1877 च्या जुलैत पायाभरणी होऊन ओल्ड मेन ही पहिली मोठी इमारत उभी राहिली होती, 1889 मध्ये शाळेचे कॉलेज झाले आणि 1890 साली युनायटेड नॉर्वेजियन ल्यूथरन चर्चने ते आपले कॉलेज म्हणून स्वीकारले. परंतु ऑग्सबर्ग सेमिनरी या धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेसंबंधीच्या वादात चर्चने 1893 मध्ये हात काढून घेतला. नेमक्या त्याच वर्षी देशभर बँका कोसळत होत्या. 1899 साली चर्चने कॉलेज पुन्हा आपले म्हटले, तोपर्यंतची सहा वर्षे मोन आणि विश्वस्तांनी देणग्या गोळा करून दिवस काढले. चर्चचा वार्षिक निधी बंद झाल्यावर ज्यांच्याकडे हात पसरता येईल अशी माणसे म्हणजे शेतकरी आणि त्यांच्या गावचे दुकानदार व बँकरच होते.

थोरसन एकटे नव्हते. विस्कॉन्सिनमधील मॅडिसनचे हाल्ले स्टेन्सलँड हेही नॉर्वेतून आलेले बँकर होते. त्यांनी दिलेल्या पैशातून 1902 साली सेंट ओलाफमध्ये स्टेन्सलँड ग्रंथालय उभे राहिले. वसतिगृह, ग्रंथालय, वर्गखोल्या अशी या देणग्यांची रूपे पाहिली म्हणजे एक गोष्ट मनात येते. त्या पैशाचा उगम शेतकऱ्याने भरलेल्या व्याजात होता आणि तो शेवटी शेतकऱ्याच्याच मुलामुलींसाठी खर्च झाला. म्हणून देणगीदारांचे मोठेपण कमी होत नाही, पण व्याज भरणाऱ्यांचा त्यातील वाटाही विसरता येत नाही.

शेतकऱ्यांची तक्रार होतीच आणि ती खोटी नव्हती. धान्याचा भाव व्यापारी ठरवतो, व्याजाचा दर बँकर ठरवतो आणि आपण मात्र राबतो, ही भावना 1915 साली नॉर्थ डकोटात नॉनपार्टिझन लीग या शेतकऱ्यांच्या राजकीय संघटनेच्या रूपाने संघटित झाली, आणि तिच्या जोरावर 1919 मध्ये त्या राज्याने स्वतःच्या मालकीची बँक काढली. सहकाराचा मार्गही त्याच भूमीतून पुढे आला. सेंट ओलाफमध्ये शिकलेले आणि मिनेसोटातील केन्यन येथील नॉर्वेजियन कुटुंबातून आलेले अमेरिकी संसदेचे सदस्य अँड्र्यू व्होल्स्टेड यांच्या नावाने ओळखला जाणारा 1922 चा कॅपर-व्होल्स्टेड कायदा शेतकऱ्यांना एकत्र येऊन माल विकण्याची कायदेशीर मुभा देतो.

तोपर्यंत गावबँकांचा बहर ओसरला होता. महायुद्धाच्या काळात दोन डॉलरच्या वर गेलेला गव्हाचा भाव 1921 मध्ये जवळपास निम्म्यावर आला, चढ्या किमतीला घेतलेली जमीन कर्जापेक्षा स्वस्त झाली आणि 1921 ते 1929 या काळात अमेरिकेत पाच हजारांहून अधिक बँका बंद पडल्या. त्यांतील बहुसंख्य शेतीवर अवलंबून असलेल्या छोट्या गावांतील होत्या. 1933 च्या कायद्याने ठेवविमा आला आणि 1 जानेवारी 1934 पासून पहिल्यांदा 2,500 डॉलरपर्यंतच्या ठेवीला केंद्र सरकारने उभारलेल्या विम्याचे संरक्षण मिळाले.