"काही होणार नाही" म्हटल्याने चिंता का जात नाही

चिंतेत सापडलेल्या माणसाला आपण सगळ्यात आधी धीर देतो. "काही होणार नाही, सगळं नीट होईल." मनापासून म्हटलेलं असतं, ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं, आणि थोड्या वेळाने तीच धाकधूक परत सुरू होते. थेरपिस्टकडे पहिल्यांदा जाणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं की तिथे कुणीतरी हेच वाक्य जास्त अधिकाराने म्हणेल. कसलेले थेरपिस्ट ते सहसा म्हणत नाहीत. त्यांचा आधार निराळ्या जातीचा असतो. तो का उपयोगी पडतो, हे आता बऱ्यापैकी समजलं आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ४५ जणांना कॉम्प्युटरवर एक खेळ दिला. पडद्यावरच्या दगडाखाली साप आहे की नाही, ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका, चांगला दुखणारा. साप असण्याची शक्यता सतत बदलत राहायची. डोळ्यांच्या बाहुल्या किती विस्फारतात आणि त्वचेला किती घाम येतो, यावरून ताण मोजला. २०१६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना जेवढा ताण होता, त्याहून जास्त ताण तो बसेल की नाही हे निम्मं-निम्मं असताना होता. ठरलेल्या वाईटापेक्षा अधांतरी राहणं शरीराला जड गेलं.

आयुष्याच्या वळणावर माणूस नेमका असाच अधांतरी असतो. जुनं सुटलेलं असतं, नवं हाती लागलेलं नसतं. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या मनोविकारतज्ज्ञांनी १९६७ साली ४३ घटनांची एक मोजपट्टी तयार केली. प्रत्येक घटनेनंतर किती जुळवून घ्यावं लागतं, याचे तिच्यात गुण आहेत. जोडीदाराच्या मृत्यूला १००, घटस्फोटाला ७३. आणि लग्नाला ५०, निवृत्तीला ४५. यादीत लग्नही आहे, ही मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. "इतकं चांगलं घडलं, मग मला असं का होतंय?" असं विचारत अपराधी वाटून घेणाऱ्यांची संख्या कमी नाही. अर्थात एकच घटना दोन माणसांना सारखी जड जात नाही, म्हणून थेरपिस्ट गुणांची बेरीज करत बसत नाहीत. समोरच्याचं नेमकं काय सुटलं, हे ते विचारतात. नोकरी गेली तेव्हा पगार तर गेलाच; पण दिवसाची घडी गेली, सहकारी गेले, "मी कोण" या प्रश्नाचं तयार उत्तर गेलं.

अनिश्चितता सोसवत नाही, म्हणून माणूस खात्री शोधत सुटतो. चारचौघांना पुन्हा पुन्हा विचारतो, रात्री इंटरनेटवर लक्षणं धुंडाळतो, निर्णय पुढे ढकलतो, अवघड फोन टाळतो. प्रत्येक वेळी क्षणभर सुटका होते, आणि ती सुटका हेच मेंदूला मिळालेलं बक्षीस ठरतं. पुढच्या वेळी तो तेच मागतो. शिवाय टाळलेली गोष्ट खरोखर किती धोक्याची होती, हे कधी कळतच नाही. आपलं "काही होणार नाही" याच चक्रात अडकतं. आणखी एक घोट खात्री, आणि थोड्या वेळाने पुन्हा तहान.

मग थेरपिस्ट करतात काय? आधी ऐकतात, आणि ऐकलेल्याला नेमके शब्द मिळवून देतात. "टेन्शन आलंय" यामागे भीती आहे, लाज आहे की दुःख, हे दोघं मिळून शोधतात. हे वरवर साधं वाटतं. पण मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने २००७ साली दाखवलं की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिलं की अमिग्डाला या मेंदूतल्या, धोक्याची दखल घेणाऱ्या भागाची सक्रियता कमी होते.

सोबतीचाही मेंदूवर परिणाम होतो. जेम्स कोन आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या प्रयोगात १६ विवाहित स्त्रियांना एमआरआय यंत्रात झोपवून विजेच्या झटक्याची धास्ती दाखवली. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूची धोक्याला मिळणारी प्रतिक्रिया बरीच सौम्य होती. अनोळखी माणसाच्या हातानेही फरक पडला, पण कमी. आणि संसार जितका समाधानाचा, तितका नवऱ्याच्या हाताचा परिणाम जास्त. थेरपिस्ट हात धरत नाहीत. पण ज्याच्यावर विश्वास आहे असं कुणीतरी जवळ असलं की धोका लहान भासतो, ही गोष्ट त्यांच्या कामाच्या मुळाशी आहे.

हा विश्वास आपोआप येत नाही. समोरच्याला न तोलता स्वीकारणं, त्याच्या जागी जाऊन समजून घेणं आणि स्वतः खोटेपणा न करणं, या अटी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली मांडल्या. एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये त्यात व्यवहाराची बाजू आणली : नात्यातला ओलावा हवाच, पण कुठे जायचं आणि त्यासाठी काय करायचं, यावरही दोघांचं एकमत हवं. २०१८ साली २९५ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा कुणाला उपचाराने जास्त बरं वाटतं, कुणाला कमी, या फरकापैकी सुमारे ८ टक्के भाग या नात्याच्या गुणवत्तेशी जोडलेला आढळला. आकडा छोटा वाटेल. पण उपचाराची पद्धत कुठलीही असो, हा संबंध टिकून राहतो, म्हणून तो मला फार महत्त्वाचा वाटतो.

आणि मग येतो अवघड भाग. आधार मिळाला म्हणून टाळलेल्या गोष्टी आपोआप सोप्या होत नाहीत. त्यांना सामोरं जावंच लागतं, पायरीपायरीने. मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत भीतीच्या गोष्टी कमीपासून जास्तीपर्यंत लावल्या जात आणि त्याच क्रमाने हाताळल्या जात. आजची समजूत अशी की जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी "हे मला झेपलं" हा नवा अनुभव साठतो आणि दोघांची चढाओढ चालते. म्हणून एकदा करून भागत नाही, वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी करावं लागतं. "मी बरोबर निर्णय घेतला ना?" असं दहाव्यांदा विचारलं गेलं, तर थेरपिस्ट मायेने पण ठामपणे म्हणतात, "याचं उत्तर आज आपल्या दोघांकडेही नाही. ते नसताना आजचा दिवस कसा घालवायचा, ते पाहू." ऐकणाऱ्याला राग येऊ शकतो. तो राग मोकळेपणाने बोलला गेला, तर नातं बहुधा अधिक घट्ट होतं.

काही वेळा एवढं पुरत नाही. थायरॉइडच्या अतिसक्रियतेतही छातीत धडधड आणि बेचैनी होते, म्हणून शरीराची तपासणी करून घ्यावी. झोप, जेवण, काम सगळंच ढासळलं असेल तर मनोविकारतज्ज्ञाला भेटावं, आणि जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी.

चांगल्या उपचारात निरोपाचीही तयारी असते. भेटींमधलं अंतर वाढवत नेतात, चिंता परत डोकं वर काढेल तेव्हा आधी काय जाणवेल आणि मग काय करायचं, हे लिहून काढतात. शेवटच्या भेटी हेही एक स्थित्यंतरच असतं : आठवड्याचा ठरलेला तास जाणार असतो, पुढचं नीट जमेल की नाही याची खात्री नसते. त्या वेळी जुनी घालमेल पुन्हा वाढली, तर थेरपिस्ट तिला अपयश समजत नाहीत. आतापर्यंत शिकलेलं सगळं तिच्यावरच वापरून बघतात, अजून दोघं एकत्र बसलेले असताना.